ज्येष्ठांचे ऋण

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दर वर्षी एक छोटासा कार्यक्रम असतो. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या बंधुभगिनींना व्यासपीठावर बोलावून शाल व श्रीफळ अर्पण करण्यात येते. टाळ्या पडतात, छायाचित्र निघते, आणि सूत्रसंचालक पुढील कार्यक्रमाकडे वळतात. या सर्वांस दहा मिनिटांहून अधिक काळ क्वचितच लागत असेल. स्मरणिकेच्या संपादकांनी ज्येष्ठांच्या सन्मानाविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम माझ्या मनात आला तो हा प्रश्न : आपण ज्यांच्या खांद्यावर शाल घालतो, त्यांनी आयुष्यात काय केले हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक असते?

प्रस्तुत लेखक हा इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व उभा जन्म मुलांना धुळाक्षरे व पाढे शिकविण्यात घालविलेला एक साधा शिक्षक आहे. तरीपण ज्या नगरात आपण राहतो त्या नगराचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिला असता जे दिसले, ते आपणांपुढे ठेवावे असे वाटते.

आपल्या पूर्वजांनी वय मोजण्याची मोठी सुंदर रीत ठरविली होती. साठीची षष्ट्यब्दपूर्ती, पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव आणि त्यापुढे सहस्रचंद्रदर्शन. हा शेवटचा हिशेब मी वर्गातील मुलांकडून फळ्यावर करून घेत असे. वर्षास बारा पौर्णिमा धरल्या तर ऐंशी वर्षांत ९६० होतात. अधिक मासांमुळे त्यांत सुमारे तिसांची भर पडते. म्हणजे एक्याऐंशीवे वर्ष संपत येते तेव्हा मनुष्याच्या आयुष्यात हजार पौर्णिमा पूर्ण होतात. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, या गणनेत वृद्धाची अशक्तता मोजलेली नाही. त्याने काय पाहिले ते मोजले आहे. वृद्ध म्हणजे ज्याने पाहिले आहे तो. समाजाला त्याचा उपयोग व्हावयाचा तो मुख्यतः या पाहण्यामुळे.

आता आपल्या नगराकडे वळू. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण करणारे हे शहर सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी नावाचे लहानसे गाव होते. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तेथे राजधानी वसविली. अंबराचा जन्म १५४८ च्या सुमाराचा मानतात. तो हबसाणात जन्मला, बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला, अनेक धन्यांचे हात बदलीत दक्षिणेत आला व स्वपराक्रमाने वजिरीस चढला. वरील सन जुळवून पाहिले तर एक गोष्ट सहज लक्षात येते. आपले नगर वसविणारा पुरुष त्या वेळी साठीच्या घरात होता. ज्या वयात आज आपण मनुष्यास निवृत्तिवेतनाचे कागद हाती देऊन घरी बसवितो, त्या वयात त्याने ओसाड खडकाळ माळावर शहर आखले.

शहर आखणे एक वेळ सोपे, पण त्यास पाणी पुरविणे कठीण. उत्तरेच्या डोंगराकडील भूगर्भातले पाणी जमिनीखालच्या मार्गाने व खापरी नळांनी शहरात आणणारी नहर त्याने बांधविली. पाण्याचा दाब आवरण्यासाठी जागोजाग उंच मनोरे उभारले. या नहरीचे पाणी पुढे कित्येक पिढ्या शहराने प्याले. त्याने जमिनीची पाहणी करून पिकाच्या मानाने सारा ठरविण्याची जी पद्धत घातली, ती मलिकंबरी धारा म्हणून महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली. १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर मोगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजांचा त्याने पराभव केला. शहाजीराजे या युद्धात त्याच्या बाजूने लढले. त्या वेळी अंबराचे वय पंचाहत्तरीच्या आसपास होते. १६२६ साली तो मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे.

एवढ्या मोठ्या कर्त्या पुरुषाने स्वतःची हकीकत मात्र लिहून ठेविली नाही. त्याच्याविषयी आपण जे जाणतो, त्यातील बराचसा भाग त्याच्या शत्रूंच्या दरबारी लेखकांकडून आलेला आहे. बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख अपशब्दांवाचून क्वचितच करतो. आणि त्याच दरबारचा एक इतिहासकार त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या राज्यकारभाराची व युद्धकौशल्याची मनापासून प्रशंसा करतो. नहर कशी सुचली, माणसे कशी जमविली, पहिले पाणी शहरात आले त्या दिवशी त्या वृद्धास काय वाटले, हे सांगणारा त्याच्या मुखचा एक शब्द आपणांपाशी नाही. त्यास कोणी विचारले नाही, किंवा विचारले असल्यास टिपून ठेविले नाही. ही उणीव चारशे वर्षांपूर्वीची आहे म्हणून क्षम्य समजू. परंतु तीच चूक आपण आपल्या डोळ्यांदेखत केली असेल तर तीस काय म्हणावे?

हे म्हणण्याचे कारण हैदराबाद संस्थानचा अलीकडचा इतिहास. संस्थानात सुमारे पाव प्रजा मराठी भाषा बोलणारी होती, आणि तिच्या मुलांच्या उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकविले जात. खासगी शाळा काढावयाची तर परवानगी हवी, आणि सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध फर्मानाची आडकाठी. अशा दिवसांत १९१५ साली आपल्या शहरात सरस्वती भुवन शाळा निघाली, १९२१ साली हिप्परगे येथे राष्ट्रीय शाळा निघाली, आणि अंबाजोगाई, गुलबर्गा, हैदराबाद येथेही लोकांनी आपल्या बळावर विद्यालये चालविली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ज्यांस सर्व मराठवाडा ओळखू लागला, ते व्यंकटेश खेडगीकर हे हिप्परग्याच्या व अंबाजोगाईच्या शाळांतील शिक्षकच होते. गणितात उच्च शिक्षण घेतलेले गोविंदभाई श्रॉफ हेही आपल्या शहरात शिक्षक होते. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम प्रथम शाळेच्या वर्गात सुरू झाला, असे एक शिक्षक या नात्याने मी अभिमानाने म्हणतो.

७ ऑगस्ट १९४७ रोजी 'भारतात सामील व्हा' हा दिन पाळण्यात आला आणि लढ्याचे अखेरचे पर्व सुरू झाले. विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, वकिलांनी न्यायालये सोडली, शेतकऱ्यांनी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरीची नाकी उधळली. सरहद्दीपलीकडे मनमाड, सोलापूर अशा ठिकाणी कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली. स्त्रियाही मागे नव्हत्या. बदनापूरजवळच्या दगडाबाई शेळके यांचे नाव त्या भागात आजही आदराने घेतात. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली.

या लढ्यातील पुढाऱ्यांपैकी काहींनी उतारवयात एक फार मोठे काम केले. त्यांनी लिहून ठेविले. स्वामीजींचे इंग्रजी आठवणींचे पुस्तक १९६७ साली निघाले, तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. 'मराठवाडा' पत्राचे संपादक अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास लिहिला, तो त्यांच्या साठीनंतर. ही पुस्तके नसती तर आमच्यासारख्या नंतर जन्मलेल्यांना त्या दिवसांचा मागमूस कितीसा लागला असता?

गोविंदभाईंनी तर वृद्धापकाळ म्हणजे विश्रांती ही समजूतच खोटी ठरविली. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलनाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांना त्रेसष्टावे वर्ष लागले होते. रेल्वे रुंदमापी व्हावी, उद्योग यावेत, पाटबंधारे व्हावेत, सरकारी खर्चाचा न्याय्य वाटा मिळावा, या मागण्या त्यांनी वर्षानुवर्षे आकड्यांच्या आधारे मांडल्या. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या शहरात बसले. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली, तेव्हा गोविंदभाई ब्याऐंशी वर्षांचे होते. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पण तो विषय निराळा. १९९२ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले आणि २००२ साली एक्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. सहस्र चंद्र पाहिल्यानंतरची दहा वर्षेही ज्याने समाजासाठी वेचली, त्याच्या हाती शाल देऊन आपण ऋणमुक्त कसे होणार?

असो. नामवंतांचे कोणी ना कोणी लिहितेच. प्रश्न आहे तो ज्यांची नावे छापली गेली नाहीत त्यांचा.

१९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना काढली व १९८० साली ती अधिक व्यापक केली. जो तुरुंगात होता त्याचे नाव तुरुंगाच्या दप्तरात होते. परंतु जो भूमिगत राहिला, ज्याने रात्री चिठ्ठ्या पोहोचविल्या, ज्या माउलीने अनोळखी पोरांना भाकरी बांधून दिली, त्यांचे नाव कोणत्या दप्तरात असणार? अशांनी कारावास भोगलेल्या नामांकित सैनिकाचे प्रमाणपत्र आणावे, असा नियम होता. म्हणजे एका वृद्धाची सेवा सिद्ध व्हावयाची ती दुसऱ्या वृद्धाच्या स्मृतीवर. तो दुसरा वृद्ध निवर्तला की पहिल्याचा पुरावाही त्याच्याबरोबर गेला. उलट पक्षी, आमच्याच मराठवाड्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे निघाली, चौकशा झाल्या, खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खरे व खोटे यांची अशी सरमिसळ का झाली? माझ्या अल्प मतीस याचे एक कारण असे दिसते की, गावोगावच्या वृद्धांच्या जबान्या वेळीच कोणी लिहून घेतल्या नाहीत. १९५० साली हे काम सोपे होते. १९८० साली ते कठीण झाले. आता तर ते जवळजवळ अशक्य झाले आहे. मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव २०२३ साली साजरा झाला, त्या वेळी १९४८ साली वीस वर्षांचा असलेला तरुण पंचाण्णव वर्षांचा झालेला होता.

येथे दुसऱ्याकडे बोट दाखवून मी मोकळा होऊ शकत नाही. मी नोकरीस लागलो त्या शाळेत एक वयोवृद्ध शिक्षक होते. आम्ही सर्व त्यांना गुरुजी म्हणत असू. लढ्याच्या काळात ते कोवळ्या वयाचे होते आणि रात्री पायी चालत सरहद्दीपलीकडच्या केंद्रावर निरोप पोहोचवीत. त्यांना अटक कधी झाली नाही, म्हणून त्यांचे नाव कोठे नाही. ज्यांच्या सांगण्यावरून ते हे काम करीत, ते गृहस्थ योजना येण्याच्या आधीच वारले होते. गुरुजींनी अर्ज केला नाही, आणि त्याविषयी कधी कुरकुरही केली नाही. एकदा मधल्या सुट्टीत मात्र ते मला म्हणाले, "तुझे अक्षर चांगले आहे. एकदा बसू या. मी सांगेन, तू लिहून घे."

मी दोनशे पानांची वही आणली. पहिल्या पानावर त्यांचे नाव, गाव व त्या दिवसाची तारीख सुवाच्य अक्षरात लिहिली. पुढे परीक्षा आल्या, मग सुट्ट्या, मग जनगणनेचे काम, मग घरातील लग्नकार्य. गुरुजींनी पुन्हा आठवण केली नाही. मागणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. एका पावसाळ्यात ते गेले. ती वही माझ्याजवळ अजून आहे. तिचे एकच पान लिहिलेले आहे. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या गळ्यात हार घातला होता व त्यांच्या गौरवार्थ भाषणही केले होते. पण त्यांनी ज्याची अपेक्षा केली होती ते मी दिले नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की, १९४८ ची पिढी गेली, आता हळहळून काय उपयोग? उपयोग आहे. आज ज्यांचे वय ऐंशीच्या आसपास आहे, ते आपल्या घराघरांत आहेत, आणि त्यांनीही काही कमी पाहिलेले नाही. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ते पंचवीस-सत्तावीस वर्षांचे होते. त्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. स्त्री-पुरुषांनी भर उन्हात खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खणले, रस्ते केले, आणि तांबडा मिलो व सुकडी यांवर दिवस काढले. त्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली, तिचा कायदा झाला, आणि २००५ साली साऱ्या देशाने तोच मार्ग धरला. ज्या रस्त्यावरून आपली मोटार धावते, त्याची खडी कोणाच्या आजीने फोडली आहे, हे नातवास ठाऊक असते काय?

दुसरे उदाहरण पाण्याचे. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. आपल्या शहराची तहान आज नाथसागर भागवितो. त्या पाण्याखाली कित्येक गावे, काळीभोर राने, देवळे व पूर्वजांची घरे गेली. ज्यांनी ती सोडली ते त्या वेळी तरुण होते. आता ते वृद्ध आहेत. नळ सोडताना मलिक अंबराचे स्मरण करावे हे योग्यच; पण ज्या वृद्धाचे गाव त्या पाण्याखाली आहे, तो कदाचित आपल्याच गल्लीत राहत असेल. त्याच्या गावची वेस कशी होती हे विचारण्यास आपणांस अजून अवधी आहे.

वृद्धांच्या पोटापाण्याची काळजी समाजाने व शासनाने घ्यावी, हे आता जगभर मान्य झाले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली ठराव करून १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिन ठरविला. आपल्या देशात २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस. टी. ने विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. या सर्व गोष्टी इष्टच आहेत. परंतु कायदा भाकरी देववू शकेल. "बाबा, तुमच्या वेळी काय झाले ते सांगा" असे मुलाकडून म्हणवून घेण्याचे सामर्थ्य कोणत्याही कायद्यात नाही.

परदेशी लोकांनी हे काम कसे केले, याचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. त्यानंतर सत्तर वर्षांनी, म्हणजे १९३६ ते १९३८ या काळात, तेथील सरकारने बेकार लेखकांना काम दिले. त्यांनी खेडोपाडी फिरून, लहानपणी वा तारुण्यात गुलामगिरी भोगलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या हकीकती त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतल्या. ती माणसे बहुधा निरक्षर होती. दहा वर्षे उशीर झाला असता तर त्यांतील बहुतेक हयातच नसती. मलिक अंबर हाही एके काळी बाजारात विकला गेलेला बालक होता. त्याच्या वाट्यास असा लेखनिक आला नाही.

म्हणून मंडळाच्या सभासद कुटुंबांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक घरातील एका मुलाने वा मुलीने आपल्या आजी-आजोबांजवळ रोज अर्धा तास बसावे व एक वही भरावी. पहिल्या दिवशी जन्मगाव व शाळा विचारावी. शाळेत कोणत्या भाषेत शिकविले जाई तेही विचारावे. मग गावात एस. टी. केव्हा आली, वीज केव्हा आली, दुष्काळात चूल कशी पेटली, पहिला पगार किती होता व त्याचे काय केले, हे विचारावे. आजीस अवश्य विचारावे, कारण तिला आजवर कोणी विचारलेले नसते, आणि "मी काय सांगणार?" असे म्हणून ती प्रथम नाही म्हणेल. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे. तारखा चुकल्या तरी चालतील; त्या मागाहून ताडून पाहता येतात. न विचारलेला प्रश्न मात्र मागाहून विचारता येत नाही.

मंडळानेही पुढील वर्षीच्या स्मरणिकेत काही पाने या हकीकतींसाठी राखून ठेवावीत, आणि सत्काराच्या वेळी शाल अर्पण करण्यापूर्वी त्या वृद्धाच्या वहीतील एखादे पान त्याच्या नातवाने मोठ्याने वाचावे, अशी माझी नम्र सूचना आहे. कार्यक्रम दहा मिनिटांऐवजी तासभर चालेल. चालू द्यावा. एक तास हा काही फार मोठा काळ नव्हे.

माझ्या त्या वहीची उरलेली पाने कोरीच राहणार आहेत. आपल्या घरातील वही तशी राहू नये, एवढ्याचसाठी हे लिहिले. लेखनात काही प्रमाद झाला असल्यास सुज्ञ वाचकांनी क्षमा करावी.